सातवी मुकी कळ

एक्याऐंशीव्या दिवशी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी बोलपेटी म्हणाली, "ही जाळी काढून टाका. मला कंटाळा आलाय."

आवाज बाईचा होता, पण कुठल्याच बाईचा नव्हता. गाडी दोन तास उशिरा धावत असल्याबद्दल फलाटावर दिलगिरी व्यक्त करणारा आवाज असतो, त्या जातीचा. त्याला दिलगिरीही नसते आणि गाडीशी घेणंदेणंही नसतं.

मिरजेच्या मेंदूसंवाद प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत तेव्हा चार माणसं होती. पलंगावर विदुला शेजवलकर, वय चौसष्ट. वर्षभरापूर्वीच्या झटक्यानंतर त्यांचं सगळं शरीर थांबलं होतं, फक्त पापण्या हलत. डोकं मात्र लख्ख होतं. पायथ्याशी त्यांची मुलगी ऋजुता उभी होती. ती तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहात व्यवस्थापक होती, रोज चारला गाडी दामटत यायची आणि खुर्ची असूनही बसायची नाही. दाराजवळ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हिरेमठ. आणि यंत्राशी डॉ. नसीम सतारमेकर, जिनं ते यंत्र बांधलं होतं.

यंत्राचं नाव मनटंकक. विदुलाबाईंच्या कवटीखाली, बोटं हलवण्याचे हुकूम मेंदूच्या ज्या पट्ट्यातून सुटतात तिथं, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक बारीक जाळी बसवलेली होती. बोट हललं नाही तरी हुकूम सुटतोच. जाळी तो टिपते. कुठल्या बोटानं कुठली कळ दाबायची होती ते यंत्र ओळखतं, अक्षरं जुळवतं आणि बोलपेटी ते वाक्य म्हणते. पहिल्या प्रयोगासाठी विदुलाबाईंची निवड झाली ती याचसाठी. पुण्याच्या एका जुन्या कोशकार्यालयात त्यांनी अडतीस वर्षं टंकन केलं होतं. त्यांची बोटं झोपेतही चुकली नसती.

जाळीमुळे संसर्गाचा धोका होता, म्हणून नियम नव्वद दिवसांचा. त्यानंतर जाळी ठेवायची तर रुग्णाची इच्छा हवी आणि नातेवाइकाची सही.

"रुग्णाची स्पष्ट इच्छा," असं म्हणत हिरेमठांनी वहीत वेळ टिपली. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त त्यांना सगळं लिहून ठेवलं की शांत वाटायचं.

ऋजुताला ते वाक्य नवं नव्हतं. गेल्या अडीच महिन्यांत पेटीनं तिला "रोज कशाला येता," "झाली हजेरी, निघा आता," "तुमच्या बेदाण्यांना तुमची जास्त गरज आहे," असं बरंच ऐकवलं होतं. सगळं त्याच फलाटावरच्या आवाजात. सुरुवातीला तिनं हसून पाहिलं होतं. मग ती नुसती घड्याळ बघू लागली.

"मला तिचं म्हणणं कळलं," ती नसीमला म्हणाली. "आयुष्यभर तिला माझा कंटाळाच होता. तुमच्या यंत्रानं आज तो वाचून दाखवला, एवढंच." तिनं संमतीपत्राची घडी केली, नव्वदाव्या दिवशी सही करून आणते म्हणाली आणि निघून गेली.

नसीमनं विदुलाबाईंना विचारलं की हे खरंच असं आहे का. त्या काळात त्यांना एका वाक्याला चार मिनिटं लागत. चार मिनिटांनी पेटी म्हणाली, "काय हुशार लोक जमलेत इथे."

हिरेमठांनी नम्रपणे आभार मानले.

नसीमनं मात्र पलंगाकडे पाहिलं. विदुलाबाईंनी डोळे गच्च मिटले होते. दमलेलं माणूस असे डोळे मिटत नाही. समोरच्याला अक्कल कधी येणार, याचा विचार करणारं माणूस मिटतं.

त्या दिवसापासून नसीमला चैन पडेना. अब्बा म्हणतात, तुझ्या पायात भिंगरी आहे. आता ती डोक्यात गेली. जाळीकडून येणारा प्रत्येक संकेत यंत्रातल्या गाळणीतून जात असे. ज्या संकेतातून अक्षर निघतं तो पुढे जायचा, ज्यातून काही निघत नाही तो गोंगाट समजून फेकला जायचा. ही गाळणी नसीमनंच लिहिली होती आणि तिला तिचा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फेकलेला कचरा उपसायला घेतला.

कचऱ्याला शिस्त होती. जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या आधी डाव्या हाताकडून एक हुकूम सुटलेला होता. वाक्याच्या मधे कधीच नाही, कायम आधी. त्याला अक्षर नव्हतं. 'ही जाळी काढून टाका'च्या आधी एक होता. 'काय हुशार लोक जमलेत'च्या आधीही होता, आणि दोन्ही हुबेहूब सारखे होते.

हिरेमठांनी आलेख पाहिले आणि हा डाव्या हाताच्या स्नायूंचा झटका असावा, असं म्हणाले. अशा रुग्णांत स्नायूंचे हुकूम अधूनमधून उसळतात.

"सर, झटका वाक्य सुरू व्हायची वाट बघत थांबतो का?"

"मग दुसरं काय? ज्यातून काही उमटत नाही त्याला आपण काय म्हणायचं?"

नसीमच्या घरी चार पिढ्या तंबोरे बनत. ती म्हणाली, "अब्बा तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात. दोऱ्याला आवाज नसतो. तो छेडला तर काहीच होत नाही. पण तो जागेवर बसला की तारेचा आवाज फुलतो. तुमच्या हिशेबानं तो दोरा कचरा. काढून टाका, तार वाजेलच. पण पत्र्यासारखी वाजेल."

हिरेमठांनी आलेख पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, "पण हा दोरा कसला, ते कोण सांगणार?"

विदुलाबाईंना विचारलं तर पेटी म्हणाली, "करंगळीला विचारा." त्याच्याही आधी तोच संकेत होता. म्हणून नसीम तासगावला गेली.

शीतगृहात ऋजुता हातात तापमापक घेऊन एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरत होती. नसीमला तिच्या मागे मागे फिरतच बोलावं लागलं. आईच्या तक्रारी ऐकायला वेळ नाही, असं ऋजुतानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. नसीमनं एवढंच विचारलं, की डाव्या हाताची करंगळी वरच्या कोपऱ्यात नेऊन तुमच्या आई काय दाबायच्या.

ऋजुता थांबली. "मुकी कळ," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. कोशात संस्कृत शब्द रोमन लिपीत टंकायचे असत. त्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ, खाली टिंब, बाजूला तिरकी फाट, अशा नाना खुणा. प्रत्येक खुणेच्या अक्षराला वेगळी कळ द्यायची तर कळफलक पंक्तीच्या पाटाएवढा झाला असता. म्हणून मुक्या कळा. मुकी कळ दाबली की पडद्यावर काहीच उमटत नाही. यंत्र ती खूण धरून ठेवतं आणि थांबतं. पुढची कळ दाबली की ते अक्षर खुणेसकट उमटतं. नवख्या माणसाला वाटतं कळ बिघडली, म्हणून तो ती बडवत बसतो.

"आईनं तिच्या फलकावर स्वतः सात मुक्या कळा बसवून घेतल्या होत्या. सहा कामाच्या. सातवी राखीव. पुढेमागे कोशात नवी खूण निघाली तर असावी म्हणून. ती कधी निघालीच नाही."

"आणि यंत्र किती वेळ थांबतं?"

"कितीही. त्याचीच तर गंमत होती." ऋजुता पहिल्यांदाच थोडं हसली. यंत्र एक आणि टंकणाऱ्या दोघी. सकाळी आई, दुपारी दमयंती वाळिंबे. वाळिंबेबाई भारी खट्याळ. उठताना एक मुकी कळ दाबून जायच्या. दुसऱ्या दिवशी आईच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर नको ती टोपी. आई परतफेड करायची. शेवटी कार्यालयानं नियमच केला, की बसलं की आधी मोकळी कळ दाबायची, शब्दांमधे जागा सोडायची ती. मग थांबलेली खूण कुठल्याही अक्षरावर न बसता एकटीच पडद्यावर पडते. ती खोडायची आणि कामाला लागायचं. कधी खोडायचं विसरत, म्हणून कोशाच्या कच्च्या प्रतींत पानांच्या कोपऱ्यात अशा बिनअक्षराच्या कितीतरी रेघा आणि टिंबं पडलेली असायची.

"मी सुट्टीत तिथंच असायचे. टंकन आईनंच शिकवलं, फूटपट्टी घेऊन. बसलीस की आधी मोकळी कळ. अजून माझा हात कुठल्याही फलकावर आधी तिथंच जातो. बिलं करतानासुद्धा."

ती परत चालू लागली. चालता चालता, न विचारता, तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याही आधी, अगदी लहान असताना, ती आईच्या टेबलाखाली बसून खेळायची. मधूनच 'आई' म्हणायची. आई टंकनातून मान वर न काढता 'हूं' करायची. मग ही म्हणायची 'काही नाही' आणि पुन्हा खेळायला लागायची. दिवसातून पन्नास वेळा. आईनं एकदाही 'काय गं सारखं' म्हटलं नाही.

"पुढे मी शाळेत जायला लागले. ते बंद झालं. मग टोमणे सुरू झाले, ते आजतागायत."

नसीम म्हणाली, "टोमणे मारताना त्या हसायच्या?"

"तोंडानं नाही. आवाजानं." एवढं बोलून ऋजुतानं वाचलेला तापमापक पुन्हा वाचला. आपण काय बोललो ते तिच्या तिलाच ऐकू आलं असावं.

मिरजेला परतल्यावर नसीमनं हिरेमठांपुढे सगळं मांडलं आणि पुढचा भाग दोघांनी मिळून सोडवला. बोटाचा हुकूम सुटतो त्याच क्षणी मेंदूत शेजारच्या घशाच्या पट्ट्यातही, जाळीच्या कडेला टिपला जाईल असा, एक आकार उठत होता: सूर कुठं चढायचा, कुठं लांबवायचा, कुठं पाडायचा. हिरेमठांनी त्याला सूररेषा म्हटलं. आपण बोलतो तेव्हा शब्दांच्या आधी ही रेषा तयार होते आणि शब्द तिच्यावर बसतात. विदुलाबाईंचा घसा बंद होता, पण रेषा उठत होत्या. त्या पेटीपर्यंत पोचवायला त्यांनी अडतीस वर्षांच्या सवयीची वाट धरली होती. अक्षराला खूण लावतात तशी त्या बोलण्याला लावत होत्या. आधी मुकी कळ, मग वाक्य. एक कळ थट्टेची, एक उलट अर्थाची. आणि नसीमची हुशार गाळणी रोज त्या खुणा वेचून वेचून फेकून देत होती.

"म्हणजे गेले ऐंशी दिवस," हिरेमठ सावकाश म्हणाले, "आपण या बाईंचं प्रत्येक वाक्य खोटं ऐकतोय."

"शब्द खरे ऐकतोय, सर. तेच वाईट झालं."

हिरेमठांनी वही उघडली आणि 'स्पष्ट इच्छा'वर काट मारली.

दुरुस्ती सोपी नव्हती, कारण सूररेषा प्रत्येक वेळी नवी असे. कालची थट्टा आणि आजची थट्टा एका साच्याची नसते. म्हणून पेटीत कुठलेही साठवलेले सूर ठेवले नाहीत. मुकी कळ दाबल्याक्षणी मेंदूत जी रेषा उठेल ती पेटी धरून ठेवणार, पुढच्या शब्दावर बसवणार आणि विसरून जाणार. माणसाच्या मनातल्या सुरांची परत वाजवता येईल अशी नोंद ठेवू नये, असाही नियम होताच. मूळ यंत्र अपुऱ्या हुकुमासाठी दोन सेकंद थांबून पुसून टाकत असे. विदुलाबाईंना एका अक्षराला दहा सेकंद लागत. नसीमनं ती मुदतच काढून टाकली. कळ दाबलेली असली की पेटीवर एक लहान पिवळा दिवा लागेल, अशी सोय केली. मत बदललं तर खोडकळ होतीच. ती दाबली की खूण रद्द आणि दिवा बंद. ऋजुतानं घरातून आईचा जुना सात मुक्या कळांचा फलक आणून दिला. कळा ताडून पाहण्यासाठी तो पेटीला जोडला आणि मग तिथंच राहिला.

सत्त्याऐंशीव्या दिवशी चार वाजता ऋजुता आली. पिवळा दिवा लागला. ती उभीच होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून आली होती, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला खिडकीकडे बघत होती.

पेटी म्हणाली, "ही जाळी काढून टाका. मला कंटाळा आलाय."

शब्द तेच. पण 'कंटाळा'वर सूर असा काही लांबला, आणि 'आलाय'ला असा लटका खाली पडला, की हिरेमठांनाही हसू आलं. आवाज पेटीचाच होता, पण त्याच्या आत विदुलाबाई नाक मुरडून बसल्या होत्या. ऋजुता खुर्चीवर बसली. ऐंशी दिवसांत पहिल्यांदा. तिनं पर्समधून संमतीपत्र काढलं, जाळी ठेवण्याच्या रकान्यात सही केली आणि मग डोळे पुसले. हा क्रम तिचाच.

तिनं विचारलं, की साधं 'गंमत करत होते' असं टंकायला काय झालं होतं.

उत्तराला सहा मिनिटं लागली. "विनोद समजावून सांगायचा तर मुकीच बरी."

पुढचे सहा महिने त्या खोलीत फार बोलणं झालं. विदुलाबाईंनी हिरेमठांच्या वहीवर टोमणे मारले, नसीमच्या अब्बांनी पाठवलेल्या शेवयांच्या खिरीच्या नुसत्या वासावर मत दिलं, ऋजुताच्या बेदाण्यांची रोज चौकशी केली. नसीमनं एक तक्ता केला होता. कळ कुठली, पुढचे शब्द काय, सूर कसला. थट्टा, उलट अर्थ, खरा राग (दोनदाच वापरलेला, दोन्ही वेळा परिचारिकेनं ऋजुताला थांबवून ठेवल्यावर), शंका, 'ऐकलंस का'वाली कुजबुज, आणि एक नुसत्या फुशारकीची. सहा झाल्या.

सातवीच्या ओळीत काहीच भरता येईना.

सातवी रोज दाबली जात होती. चारच्या सुमारास जिन्यात ऋजुताची पावलं वाजली की दिवा लागायचा. घशाच्या पट्ट्यात मोठी, सावकाश रेषा उठायची. ऋजुता दारातून आत यायची. दिवा तसाच. मिनिट, कधी दीड मिनिट. मग खोडकळ. दिवा बंद. मग थट्टेची कळ आणि "आलात बाईसाहेब, बेदाणे काय म्हणतात?"

सातवीला कधी शब्द जोडलाच गेला नाही, म्हणून ती कशी ऐकू येते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसत्या आलेखावरून सूर ऐकू येत नाही, जशी नुसत्या कृतीवरून आमटीची चव कळत नाही. त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी नसीमनं ओळीनं लावून पाहिल्या. हिरेमठ म्हणाले, संकोच असेल. नसीमला ते पटलं नाही, पण दुसरं सुचलंही नाही.

शेवटी तिनं ऋजुताला सांगितलं. सांगायला नको होतं, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. कारण त्यानंतर ऋजुताची चुळबुळ वाढली. आत आल्या आल्या ती दिव्याकडे बघू लागली. दिवा विझला की तिचा चेहरा पडायचा, मग थट्टेला ती अर्धवट हसायची.

एक दिवस तिनं विचारलंच. आई, ती सातवी कसली?

"दुरुस्तीला दिलीय," पेटी म्हणाली, थट्टेच्या सुरात.

"मी पंचवीस वर्षं थट्टाच ऐकतेय. एकदा तरी ती सोड ना. कुठलाही शब्द लाव. खुर्ची म्हण."

दिवा लागला नाही. कुठलीच मुकी कळ न दाबता विदुलाबाईंनी अक्षरं टंकली, आणि पेटीनं कित्येक महिन्यांनी पुन्हा त्या फलाटावरच्या कोरड्या आवाजात म्हटलं, "शब्द सापडत नाही."

ऋजुतानं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती एकटी असली की शब्द शोधत राहायची. गाडी चालवताना, तापमापक वाचताना. आईसाठी.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी तासगावला शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला. ऋजुताला निघायला उशीर झाला. तिनं फोन करून कळवलं आणि परिचारिकेनं ते विदुलाबाईंना सांगितलं. पेटी कुजबुजीच्या सुरात म्हणाली, "सावकाश ये म्हणावं. गाडी दामटते ती." हे त्यांचं शेवटचं वाक्य.

चार वाजून अडतीस मिनिटांनी खाली गाडीचं दार वाजलं. पिवळा दिवा लागला. जिन्यात पावलं वाजली. ऋजुता दारात आली तेव्हा यंत्रावरचे सगळे आलेख एकदम उसळले आणि मग एकेक करत आडवे झाले. दुसरा झटका. दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, विदुलाबाई गेल्या.

दिवा लागलेलाच होता.

तो पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला नाही. खोली आवरायला आलेल्या नसीमला तो दिसला आणि ती दारातच थांबली. खोडकळ दाबली गेली नव्हती. मुदत तिनंच काढून टाकली होती. पेटी ती रेषा धरून थांबली होती आणि थांबतच राहणार होती.

"तिची नक्कल करता येईल?" हिरेमठांनी विचारलं.

येत नव्हती. नोंद ठेवायची नाही म्हणूनच पेटी तशी बांधलेली होती. रेषा बाहेर पडायची एकच वाट, पुढचा शब्द. पुढचा शब्द कोण टंकतं याच्याशी पेटीला देणंघेणं नव्हतं. जोडलेल्या फलकावरून कुणीही टंकलेला शब्द चालला असता. एकदा शब्द बोलून झाला की रेषा संपली. पेटी बंद केली तरी संपली. आणि जयसिंगपूरच्या एका शिक्षकांना तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती पेटी लागणार होती. त्यांना जाळी बसवून झाली होती, ते वाट पाहत होते.

नसीमनं पेटीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. सफाईच्या बाईंना बजावलं. तरी दिवसातून चारदा ती खोलीत डोकावून दिवा बघून यायची. एकदा वीज गेली, तेव्हा पेटीची बॅटरी असूनही ती जिन्यावरून धावत आली.

गुरुवारी, तेरावं उरकून, ऋजुता आली. चार वाजताच आली. नसीमनं तिला सगळं नीट सांगितलं, दोनदा. एकच शब्द. परत नाही.

ऋजुतानं पर्समधून बेदाण्याच्या खोक्याला लावायची एक चिठ्ठी काढली. तिच्या पाठीवर शब्द लिहिलेले होते, बरेचसे खोडलेले. 'आई' खोडलं होतं, कारण आईनं आईला हाक कशी मारावी. 'ऋजुता' होतं, त्याला प्रश्नचिन्ह. 'ये' होतं. 'बाळ' लिहून लगेच खोडलं होतं, कारण त्या घरात तसं कुणी कुणाला म्हणत नसे. खाली 'खुर्ची' होतं, आणि ते खोडलेलं नव्हतं.

हिरेमठांनी शास्त्रीय सूचना केली, की रेषा लांब आहे, तेव्हा शब्द चारपाच अक्षरी असावा. म्हणजे सूर पुरता उलगडेल. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"ती सहा महिने शोधत होती," ऋजुता म्हणाली. "तिला सापडला नाही. मला तेरा दिवसांत कुठून सापडणार?"

"काहीही चालेल, ऋजुताताई. खरंच काहीही."

"काहीही लावायचं असतं तर तिनंच लावलं असतं."

ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली. चिठ्ठी वाचली, खिशात घातली, परत काढली. नसीम ध्वनिमुद्रक सुरू करायला वळली. आता ऋजुतानं शब्द सांगितला की मुद्रकाची कळ दाबायची, असं तिच्या मनात होतं. ऋजुता आईच्या जुन्या फलकासमोर बसली. तिनं तो जवळ ओढला, सरळ केला, मनगटं टेकली.

आणि तिच्या अंगठ्यानं मोकळी कळ दाबली.

विचार करून नव्हे. फूटपट्टीनं शिकलेला हात होता. समोर फलक आला, हात आपल्या वाटेनं गेला. कळ खाली गेल्याचा बारीक आवाज झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पांढरा पडला. नसीमचा हात ध्वनिमुद्रकावर तसाच राहिला, तो सुरू झालेला नव्हता.

पेटीतून आवाज आला.

"हूं."

खालच्या पट्टीत सुरू झालेला, सावकाश, शेवटी किंचित वर गेलेला. त्यात थट्टा नव्हती, घाई नव्हती, हजेरी नव्हती. हातातल्या कामावरून नजर न काढता, पण सगळं लक्ष तिकडेच असताना येतो तसा तो आला, पुरता संपला, आणि दिवा विझला.

खिडकीपाशी हिरेमठ वळले. "कुठला शब्द टंकला त्यांनी?"

"कुठलाच नाही," नसीम म्हणाली. तिला ते बोलता बोलताच उमगत होतं. "मोकळी कळ. अक्षरच नसलं की खूण एकटी पडते."

ऋजुता दोघांकडेही बघत नव्हती. फलकावरून हात न काढता ती जरा पुढे वाकली, टेबलाच्या कडेखाली डोकं न्यावं इतकी, आणि लहान आवाजात म्हणाली, "काही नाही."